गिअर नेमका कधी बदलायचा?

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या बऱ्याच शिक्षकांचा शाळेचा दिवस मोटारसायकलवर सुरू होतो. राहणे एका गावी, शाळा दुसऱ्या गावी, आणि मधे वीस-तीस किलोमीटरचा जंगलातला रस्ता. रोज या रस्त्यावर शंभर-दीडशे वेळा डावा पाय गिअरच्या पट्टीवर जातो. पण "गिअर कधी बदलायचा?" असे विचारले, तर उत्तरे वेगवेगळी येतात. कोणी म्हणते, "वीसला दुसरा, तिसला तिसरा, चाळीसला चौथा." कोणी म्हणते, "इंजिन ओरडायला लागले की." कोणी म्हणते, "पेट्रोल वाचवायचे तर लवकरात लवकर टॉपमध्ये टाका."

या तिन्ही उत्तरांत थोडे थोडे खरे आहे. पण ती कुठे लागू पडतात आणि कुठे फसवतात, हे समजण्यासाठी आपल्याला इंजिनाच्या स्वभावात थोडे शिरावे लागेल. त्यासाठी लागणारे गणित गुणाकार-भागाकारापलीकडे जात नाही. आणि हे गणित कळले, तर समोरून ट्रक येत असताना हाताशी किती रस्ता उरतो, याचाही हिशेब मांडता येतो.

इंजिनाला गिअर का लागतात?

सायकलवर चढ चढताना आपण पॅडलवर उभे राहतो. पाय हळू फिरत असले तरी शरीराचे सगळे वजन टाकून पॅडल दाबता येते. पेट्रोलच्या इंजिनाला हे जमत नाही. ते थांबलेले असताना त्याचा जोर शून्य असतो. मिनिटाला बाराशे-चौदाशे फेऱ्यांच्या खाली ते चालूच राहत नाही, आणि चालू असले तरी हळू फिरताना त्यात फारसा दम नसतो. विजेच्या मोटारीचे असे नाही. ती पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर लावू शकते, म्हणून विजेवरच्या बहुतेक दुचाकींना गिअर नसतात.

इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराला टॉर्क म्हणतात आणि तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. तो फेऱ्यांप्रमाणे का बदलतो, हे पाहू. चार-स्ट्रोक इंजिनात पिस्टन खाली जाताना हवा आणि पेट्रोलचे मिश्रण आत ओढले जाते. मिनिटाला ३००० फेरे असतील, तर या एका स्ट्रोकला सेकंदाचा शंभरावा भाग मिळतो. ९००० फेऱ्यांना सेकंदाचा तीनशेवा भागच मिळतो. झडपा किती वेळ आणि केव्हा उघड्या ठेवायच्या हे इंजिन घडवतानाच ठरवलेले असते, आणि ते कोणत्या तरी एका पट्ट्यातल्या फेऱ्यांनाच उत्तम जुळते. त्याहून कमी फेऱ्यांना आत आलेली हवा काही अंशी परत ढकलली जाते. त्याहून जास्त फेऱ्यांना हवेला सिलिंडर भरायला वेळच पुरत नाही. सिलिंडर जितका चांगला भरेल, तितका स्फोटाचा जोर मोठा. म्हणून टॉर्क आधी वाढतो, एका पट्ट्यात सर्वांत जास्त असतो आणि पुढे घसरतो.

लहान पण चपळ गाड्यांचे इंजिन मुद्दाम जास्त फेऱ्यांसाठी घडवलेले असते. कमी आकाराच्या सिलिंडरमधून जास्त शक्ती काढायची, तर दर मिनिटाला जास्त स्फोट करावे लागतात. त्याची किंमत म्हणजे कमी फेऱ्यांना इंजिन मंद वाटते आणि दमदार पट्टा वरच्या बाजूला सरकतो. असे इंजिन नेहमी त्या पट्ट्यात ठेवायचे, तर गिअर जास्त आणि जवळजवळ हवेत. आपल्याकडच्या गाड्यांचा इतिहास हेच सांगतो. १९८५ साली आलेल्या हिरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १०० या दोन्ही गाड्यांना चार गिअर होते. २००१ साली पुण्याच्या बजाजने काढलेल्या पल्सर १५० ला पाच होते. २००८ साली आलेल्या यामाहा आर१५ ला सहा होते. या गाडीच्या २०१८ सालच्या आवृत्तीत तर आत येणाऱ्या हवेच्या झडपेसाठी दोन वेगवेगळे कॅम दिले गेले, आणि सुमारे ७४०० फेऱ्यांना एकावरून दुसऱ्यावर बदल होऊ लागला. हेतू एकच होता, दमदार पट्टा शक्य तितका रुंद करायचा.

एक नमुन्याची गाडी

आता हिशेबासाठी एक गाडी घेऊ. दीडशे सीसी, सहा गिअर. खालचे आकडे अशा गाड्यांच्या खऱ्या आकड्यांच्या जवळचे आहेत, पण फळ्यावर सोपे पडावेत म्हणून आम्ही ते पूर्णांकात आणले आहेत. आपल्या गाडीचे आकडे थोडे निराळे असतील, पण रीत हीच राहील.

इंजिनाचा टॉर्क असा समजू:

मिनिटाला ३००० फेरे: ९ न्यूटन-मीटर
४००० फेरे: ११
५००० फेरे: १२
६००० फेरे: १३
७००० फेरे: १४
८००० फेरे: १४
९००० फेरे: १३
१०,००० फेरे: ११ (येथे लाल रेषा)

मागचे चाक एकदा फिरायला इंजिनाला किती फेरे घ्यावे लागतात, ते असे:

पहिला गिअर: २७
दुसरा: १८
तिसरा: १३
चौथा: ११
पाचवा: ९
सहावा: ८

चाकाचा परीघ १.९ मीटर धरू. म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांना ०.११४ ने गुणून वरच्या आकड्याने भागले, की ताशी किलोमीटरमध्ये वेग मिळतो. ६००० फेऱ्यांना पहिल्या गिअरमध्ये २५, दुसऱ्यात ३८, तिसऱ्यात ५३, चौथ्यात ६२, पाचव्यात ७६ आणि सहाव्यात ८५ किलोमीटर. इंजिनाचे काम तेच, आवाज तोच, पण वेग सहा प्रकारचे.

गिअर म्हणजे तरफच आहे. तरफेत जोर वाढवला की अंतर कमी होते. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा टॉर्क चाकापाशी २७ पट होऊन पोचतो, पण चाक २७ पट हळू फिरते. सहाव्यात जोर फक्त ८ पट होतो, पण चाक जोरात पळते. गिअरपेटी स्वतः शक्ती तयार करत नाही. आहे ती शक्ती जोराच्या रूपात द्यायची की वेगाच्या रूपात, एवढेच ती ठरवते.

काटा कुठे उतरतो?

गिअर बदलतो त्या क्षणी गाडीचा वेग बदलत नाही. म्हणून इंजिनाच्या फेऱ्यांना बदलावे लागते. पहिल्यातून दुसऱ्यात गेलो, तर फेरे २७ वरून १८ च्या प्रमाणात, म्हणजे दोन-तृतीयांशावर येतात. ६००० चे ४०००. पाचव्यातून सहाव्यात गेलो, तर ते ९ वरून ८ च्या प्रमाणात येतात. ६००० चे फक्त ५३३०. खालच्या गिअरमधली पायरी मोठी, वरच्यातली लहान.

इथेच आपल्या प्रश्नाचे मूळ उत्तर आहे. गिअर बदलताना काटा आता कुठे आहे यापेक्षा बदलल्यावर तो कुठे उतरणार, हे पाहायचे. तो अशा जागी उतरला पाहिजे, जिथे इंजिनाकडे समोरच्या कामापुरता जोर आहे. वरचा गिअर टाकताना तो फार खाली कोसळू नये, आणि खालचा गिअर टाकताना लाल रेषेच्या वर उडू नये. बाकी सगळे नियम यातून निघतात.

साध्या सपाट रस्त्याचे उदाहरण घेऊ. आपल्या नमुन्याच्या गाडीवर ५००० फेऱ्यांना प्रत्येक गिअर बदलला, तर बदल ताशी २१, ३२, ४४, ५२ आणि ६३ किलोमीटरला होतात, आणि काटा अनुक्रमे ३३३०, ३६१०, ४२३०, ४०९० आणि ४४४० वर उतरतो. एकटा माणूस आणि सपाट रस्ता असेल, तर या सगळ्या जागा ठीक आहेत. आता "वीसला दुसरा, तिसला तिसरा" हा नियम कुठून आला, ते कळते. तो एका विशिष्ट गाडीसाठी, सपाट रस्त्यासाठी आणि हलक्या ओझ्यासाठी बरोबर आहे. मागे कोणी बसले, तांदळाचे पोते बांधले किंवा चढ लागला, की तो लागू राहत नाही.

ज्याला सर्वांत जास्त पिकअप हवा आहे, त्याचे उत्तर वेगळे येते. त्याने चाकापाशी पोचणारा जोर दोन्ही गिअरमध्ये मोजून पाहावा. पहिल्या गिअरमध्ये अगदी १०,००० फेऱ्यांनाही चाकापाशी ११ गुणिले २७, म्हणजे २९७ न्यूटन-मीटर मिळतात. त्याच वेगाला दुसरा गिअर टाकला, तर काटा ६६७० वर येतो आणि १३.७ गुणिले १८, म्हणजे सुमारे २४६ मिळतात. म्हणजे लाल रेषेपर्यंत पहिलाच सरस. पण पाचव्या-सहाव्याचे पाहा. ९००० फेऱ्यांना पाचव्यात ११७, आणि त्याच वेगाला सहाव्यात ११२. १०,००० फेऱ्यांना पाचव्यात ९९, तर सहाव्यात १०५. पारडे मधे कुठे तरी, साडेनऊ हजारांच्या आसपास, फिरते. शर्यतीच्या मैदानात याचे महत्त्व आहे. शाळेच्या रस्त्यावर लाल रेषेजवळ जाण्याची गरज जवळजवळ कधीच पडत नाही. पण त्यातली रीत उपयोगाची आहे: इंजिनाचा टॉर्क आणि गिअरचा आकडा यांचा गुणाकार ज्या गिअरमध्ये मोठा, त्या गिअरमध्ये ओढ जास्त.

पेट्रोलचा हिशेब

आलापल्लीहून भामरागडकडे निघाले, की साठेक किलोमीटर जंगलाचा रस्ता आहे. अशा वाटेवर पेट्रोल जपून वापरावे लागते. ताशी ५० किलोमीटरचा वेग धरला, तर सहाव्या गिअरमध्ये इंजिन सुमारे ३५०० फेऱ्यांवर चालते आणि चौथ्यात ४८०० वर. साठ किलोमीटरमध्ये चाकाचे साधारण साडेएकतीस हजार फेरे होतात. म्हणजे इंजिनाचे सहाव्यात अडीच लाख आणि चौथ्यात साडेतीन लाख. रस्ता तोच, वेग तोच, पण एक लाख फेरे जास्तीचे. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन घासतो, झडपा दाबाव्या लागतात, तेल ढवळले जाते. या सगळ्याचे पेट्रोल रस्त्याच्या कामी येत नाही.

याशिवाय जास्त फेऱ्यांना तेवढीच शक्ती हवी असेल, तर हवेचे द्वार अर्धवट मिटलेले ठेवावे लागते, आणि त्या अरुंद वाटेतून हवा ओढण्यातच इंजिनाची थोडी शक्ती जाते. म्हणून सपाट रस्त्यावर, संथ वेगात, जो सर्वांत वरचा गिअर इंजिन धक्के न देता सांभाळते, तोच किफायतशीर. "लवकर टॉपमध्ये टाका" या सल्ल्यात एवढे खरे आहे.

मात्र त्याची दुसरी बाजूही आहे. कमी फेऱ्यांना, वरच्या गिअरमध्ये, पूर्ण रेस पिळली की गाडी कचकच धक्के देते, चेन उडते, आणि कधी कधी इंजिनातून धातूवर टिचकी मारल्यासारखा ठोका ऐकू येतो. ठिणगी पडून मिश्रण जळायला लागते, तेव्हा ज्वाला एका बाजूने पुढे सरकत जाते. इंजिन हळू फिरत असेल, तर दूरच्या कोपऱ्यातल्या मिश्रणाला दाबात आणि उष्णतेत जास्त वेळ राहावे लागते. ज्वाला पोचण्याआधीच ते एकदम पेट घेते, तोच हा ठोका. हवा जितकी गरम, तितकी ही शक्यता जास्त. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो, आणि हवेवर थंड होणारे इंजिन आधीच तापलेले असते. तेव्हा अशा दुपारी, मागे माणूस बसवून, वरच्या गिअरमध्ये इंजिनाला रेटणे म्हणजे पेट्रोल वाचवण्याच्या नादात पिस्टन आणि बेअरिंग झिजवणे. ठोका ऐकू आला, की रेस कमी करून एक गिअर खाली यावे.

खाली कधी यायचे?

वरचा गिअर उशिरा टाकला, तर थोडे पेट्रोल जाते. खालचा गिअर उशिरा टाकला, तर त्याहून मोठे नुकसान होऊ शकते. म्हणून हा भाग जरा सविस्तर पाहू.

आधी चढ. दर दहा मीटरला एक मीटर चढणारा रस्ता घेऊ. गाडी आणि दोन माणसे मिळून २८० किलो वजन. या चढावर गुरुत्वाकर्षण गाडीला सुमारे २७५ न्यूटन जोराने मागे ओढते. चाकांचा आणि वाऱ्याचा विरोध धरून ताशी ४० किलोमीटरला एकूण ३६० न्यूटन लागतील. आता गाडी किती देऊ शकते? टॉर्क गुणिले गिअरचा आकडा, भागिले चाकाची त्रिज्या ०.३ मीटर. याच वेगाला सहाव्यात सुमारे २२५ न्यूटन, पाचव्यात २८०, चौथ्यात ३९०, तिसऱ्यात ५००. (चेनीत आणि गिअरपेटीत वाया जाणारा थोडा जोर आम्ही सोडून दिला आहे.) सहाव्यात आणि पाचव्यात कितीही रेस पिळली, तरी गाडीचा वेग उतरत जाणार. चौथ्यात ती जेमतेम चढेल. तिसऱ्यात आरामात. चढ दिसला, की वेग पडण्याआधीच गिअर उतरवावा. वेग पडून गेल्यावर उतरवला, तर दोन गिअर उतरवावे लागतात.

आता ओलांडण्याचा प्रसंग. चंद्रपूर भागात कोळशाचे ट्रक आहेत, आणि गेल्या काही वर्षांत सुरजागडचे लोहखनिज वाहणारे ट्रक गडचिरोलीच्या दक्षिण भागातल्या रस्त्यांवर आले आहेत. समजा, असा एक ट्रक ताशी ४५ ने चालला आहे. आपण त्याच्या मागे १५ मीटरवर, त्याच वेगाने, एकटे. ट्रक दहा मीटर लांब, आणि त्याच्या पुढे १५ मीटर जाऊन आपल्या बाजूला यायचे. म्हणजे ट्रकच्या तुलनेत ४० मीटर जास्त जायचे. आपण ६५ पर्यंत वेग वाढवू आणि तो कायम ठेवू.

सहाव्या गिअरमध्ये ४५ ला इंजिन ३१५० फेऱ्यांवर असते. चाकापाशी सुमारे २५० न्यूटन जोर येतो. विरोध वजा जाता १५५ ते १६५ उरतो. गाडी आणि माणूस मिळून २१० किलो धरले, तर ४५ चे ६५ व्हायला सात सेकंदांहून जास्त लागतात. तिसऱ्या गिअरमध्ये त्याच वेगाला इंजिन ५१०० फेऱ्यांवर असते आणि जोर ५२० न्यूटनपर्यंत मिळतो. तेच काम सुमारे २.६ सेकंदांत होते.

पूर्ण ओलांडायला सहाव्यात १०.८ सेकंद आणि तिसऱ्यात ८.५ सेकंद. फरक अडीच सेकंदांपेक्षाही कमी. एवढ्याने काय होते, असे वाटेल. पण समोरून ताशी ७० ने एखादी जीप येत असेल, तर तिने आणि आपण मिळून तेवढ्या वेळात किती रस्ता संपवला, ते मोजा. तिसऱ्यात सुमारे ३१० मीटर, सहाव्यात ३८५ मीटर. म्हणजे चुकीच्या गिअरमुळे ७५ मीटर मोकळा रस्ता जास्त लागतो. वळणांच्या आणि दाट झाडीच्या रस्त्यावर तेवढा पुढचा रस्ता दिसतच नसतो. मागे माणूस असेल, तर हा फरक आणखी वाढतो. म्हणून आधी गिअर उतरवावा, पुढचे नीट पाहावे, आणि मगच बाहेर निघावे. ट्रकच्या बाजूला पोचल्यावर गिअर शोधत बसण्याची वेळ येऊ नये. आणि तिसऱ्या गिअरमध्येही ३१० मीटर रस्ता लागतो, हेही विसरू नये. तेवढा दिसत नसेल, तर योग्य गिअर म्हणजे ट्रकच्या मागे राहण्याचा गिअर.

उतार, रपटा आणि जनावर

रेस सोडली, की गाडी इंजिनाला फिरवू लागते आणि इंजिन तिला आवरते. गिअर जितका खालचा, तितके हे आवरणे जास्त पट होऊन चाकापर्यंत पोचते. उतारावर याचा फार उपयोग होतो, कारण ब्रेक तापत नाहीत आणि दोन्ही चाके फिरती राहतात. काही जण पेट्रोल वाचेल म्हणून उतारावर न्यूट्रल करतात. यात वाचत काही नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटरची जागा जवळजवळ सगळीकडे इंजेक्शनने घेतली. अशा गाडीत गिअर असताना रेस पूर्ण सोडली, तर पुरेशा फेऱ्यांना पेट्रोलचा पुरवठाच थांबतो, कारण चाकच इंजिनाला फिरवत असते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल द्यावेच लागते, आणि आवरणारा जोरही हातचा जातो.

पावसाळ्यात रपट्यावर उतरताना, मुरमाच्या रस्त्यावर किंवा वाळूत, एकदम ब्रेक लावला तर चाक घसरते. तिथे आधीच दुसरा गिअर टाकून, रेस हलकी ठेवून, क्लच न दाबता उतरणे बरे. जंगलातल्या रस्त्यावरही तसेच. मोहर्लीच्या वाटेवर किंवा मूलच्या रस्त्यावर चितळ, रानडुक्कर, नीलगाय अचानक आडवे येतात, आणि एकामागून दुसरे येण्याची शक्यता असते. अशा पट्ट्यात वेग कमी ठेवून गाडी तिसऱ्यात चालवली, तर रेस सोडताच ती आवरते आणि लागल्यास जोरही लगेच मिळतो. सहाव्या गिअरमध्ये यातले एकही नीट होत नाही.

पण खाली येताना काटा कुठे उतरेल, हे आधी पाहायचे. ताशी ६० किलोमीटरला चौथ्यात ५८०० फेरे असतात. तिसरा टाकला तर ६८००, ठीक. दुसरा टाकला तर ९५००, लाल रेषेच्या अगदी जवळ. पहिला टाकला तर १४,२००! इंजिन जास्त रेस होऊ नये म्हणून गाडीत जी सोय असते, ती फक्त ठिणगी किंवा पेट्रोल तोडते. इथे इंजिनाला चाक फिरवत असल्याने तिचा काही उपयोग नसतो. झडपा वाकू शकतात, आणि त्याआधी मागचे चाक जागच्या जागी अडून गाडी आडवी होऊ शकते. म्हणून एकेक गिअर, ब्रेकने वेग उतरवत उतरवत, आणि क्लच हळू सोडत खाली यावे. क्लच दाबलेला असतानाच किंचित रेस दिली, तर इंजिनाचे फेरे नव्या गिअरला आधीच जुळतात आणि झटका बसत नाही. आजच्या काही चपळ गाड्यांत उलटा जोर आल्यावर थोडा घसरणारा क्लच असतो. त्याने झटका सौम्य होतो, पण १४,२०० चे ७००० होत नाहीत.

पेटीच्या आत

गिअर बदलताना दातेरी चाके एकमेकांत घुसतात, अशी समजूत आहे. मोटारसायकलमध्ये तसे नसते. सहाही जोड्यांचे दाते कायम एकमेकांत गुंतलेले असतात. प्रत्येक जोडीतले एक चाक दांड्यावर मोकळे फिरते, त्यामुळे ती जोडी जोर पोचवत नाही. शेजारचे चाक दांड्यावरून सरकून आपल्या बाजूच्या जाड खुंट्या त्या मोकळ्या चाकाच्या खाचांत अडकवते, की ती जोडी कामाला लागते. सरकवण्याचे काम नागमोडी खोबणी असलेला एक दंडगोल करतो. पाय मारला, की तो एक घर फिरतो. म्हणूनच मोटारसायकलचे गिअर क्रमानेच येतात. खुंट्यांवर जोर असताना त्या सुटत नाहीत, म्हणून क्लच दाबून आणि रेस सोडून जोर काढायचा. अर्धवट पाय मारला, तर खुंट्या नीट अडकत नाहीत आणि गिअर निसटतो. ऐन ओलांडताना असे झाले, तर इंजिन नुसते ओरडते आणि गाडी पुढे जात नाही.

वर्गात करण्यासारखे

१. वर दिलेल्या आकड्यांवरून सहाही गिअरसाठी वेग आणि चाकापाशी मिळणारा टॉर्क काढावा. आडव्या अक्षावर वेग, उभ्यावर टॉर्क घेऊन एकाच आलेखावर सहा वक्र काढावेत. खालच्या गिअरचे वक्र उंच आणि अरुंद, वरच्यांचे बुटके आणि रुंद दिसतील. दोन वक्र एकमेकांना छेदतात तिथे जास्त ओढीसाठी गिअर बदलायचा. जे छेदतच नाहीत, त्यांच्यात लाल रेषेला.

२. गिअरची सायकल मिळाली, तर पॅडलजवळच्या आणि मागच्या चक्रांचे दाते मोजून गुणोत्तर काढावे. मग पॅडलचा एक फेरा देऊन मागचे चाक किती फिरते, ते चाकाला खडूची खूण करून पडताळावे.

३. एक प्रयोग कानाने करण्याचा. चार-स्ट्रोक, एक सिलिंडरच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो. म्हणजे ६००० फेऱ्यांना सेकंदाला ५० स्फोट. आपल्याला ऐकू येणाऱ्या आवाजाची पट्टी यावर ठरते. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना फेरे २७ वरून १८ च्या प्रमाणात, म्हणजे ३ वरून २ च्या प्रमाणात उतरतात. संगीतात पंचम आणि षड्ज यांचे प्रमाण हेच आहे. पाचव्यातून सहाव्यात उतार ९ वरून ८, म्हणजे शुद्ध रिषभ आणि षड्ज. शाळेजवळून जाणाऱ्या गाड्यांचे आवाज फोनवर टिपून, पेटीवर सूर शोधून, कोणत्या गाडीच्या गिअरमधली पायरी किती मोठी आहे, हे मुलांना काढता येईल. प्रत्येक गाडीचे प्रमाण थोडे वेगळे येईल, आणि तेच शोधण्यात मजा आहे. टिपणे रस्त्यापासून दूर, कुंपणाच्या आत उभे राहून करावे.

एक गोष्ट मोठ्या विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगायला हवी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे गिअरची मोटारसायकल चालवायला अठरा वर्षे पूर्ण लागतात. सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीने मिळतो तो परवाना बिनगिअरच्या, पन्नास सीसीपर्यंतच्या गाडीचा. तोवर हे सगळे गणित कागदावर आणि सायकलवर करता येते. हेल्मेट मात्र मागे बसतानाही हवेच.

आणि ज्यांना उद्या सकाळी गाडी काढायची आहे, त्यांच्यासाठी एक छोटा अभ्यास. आपल्या गाडीच्या माहितीपुस्तकात गिअरची प्रमाणे दिलेली असतात. त्यावरून ताशी ३०, ४५ आणि ६० किलोमीटरला प्रत्येक गिअरमध्ये काटा कुठे असेल, याचा तक्ता करून एकदा नीट पाहून ठेवावा. आठवडाभरात तो कानात बसतो. मग काट्याकडे पाहावे लागत नाही, आणि डोळे जिथे हवेत तिथे, म्हणजे रस्त्यावर, राहतात.